गुरूने दिलेला प्रश्न

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या शास्त्रीय नियतकालिकातील संशोधनाचा निबंध तुम्ही पाहिला आहे काय? वर शीर्षक, त्याखाली एक-दोन नावे आणि मग आकडे, आकृत्या व निष्कर्ष अशी त्याची मांडणी असते. निबंध वाचताना वाटते, की ज्यांची नावे वर छापली आहेत त्यांनीच हे सारे एकट्याने शोधून काढले असावे. प्रत्यक्षात त्या नावांच्या मागे बहुधा आणखी कोणीतरी उभे असते. प्रयोग कसा मांडावा, माणसाला प्रश्न कसा विचारावा, आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा, हे त्या तरुण संशोधकाला कोणीतरी हाताला धरून शिकवलेले असते.

मानसशास्त्राच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. रसायनशास्त्रातील क्षार बाटलीत राहतो व आज जसा असतो तसाच उद्याही सापडतो. मानसशास्त्रज्ञापुढे मात्र जिवंत माणूस बसलेला असतो. तो कधी घाबरलेला असतो, कधी कंटाळलेला असतो, तर कधी समोरच्याला बरे वाटावे म्हणून उत्तर देतो. अशा माणसाची चाचणी कशी घ्यावी हे पुस्तक वाचून पुरते कळत नाही. सुतारकामात रंधा कसा धरावा हे जसे उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच समजते, तसेच हेही आहे. म्हणूनच अनुभवी मानसशास्त्रज्ञ आणि नवशिके मानसशास्त्रज्ञ यांच्यातील नात्याला या शास्त्रात मोठे महत्त्व आहे.

हे नाते नेमके कसे असते? चांगला मार्गदर्शक शिष्याला काय देतो? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण कॅनडातील माँट्रिअल शहरी जाऊ. तेथील मॅकगिल विद्यापीठात विसाव्या शतकाच्या मध्यावर गुरु-शिष्यांची अशी एक साखळी तयार झाली, की तिच्यामुळे माणसाच्या स्मरणशक्तीविषयीची आपली कल्पनाच बदलून गेली.

शाळामास्तरांचे मानसशास्त्र

डोनाल्ड हेब यांचा जन्म १९०४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. तरुणपणी त्यांना कादंबरीकार व्हायचे होते. पोटासाठी ते शाळामास्तर झाले व पुढे माँट्रिअलच्या एका शाळेचे मुख्याध्यापकही झाले. तेथे मुले अभ्यासाला कंटाळलेली होती. हेब यांनी एक गंमतीदार नियम केला. अभ्यास करणे हा मान आहे आणि जो वर्गात दंगा करील त्याला शिक्षा म्हणून बाहेर खेळायला पाठवले जाईल! शिक्षेचा व बक्षिसाचा अर्थ आपण कसा लावतो यावर मुलांचे वागणे कसे अवलंबून असते, हे त्यांना तेथे पाहायला मिळाले.

पुढे ते अमेरिकेत कार्ल लॅश्ली यांचे शिष्य झाले आणि १९३६ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. लॅश्ली हे त्या काळचे नावाजलेले संशोधक होते. आठवण मेंदूत नेमकी कोठे साठवलेली असते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला होता. ते उंदरांना चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवीत. मग मेंदूच्या बाह्य थराचा कधी हा तर कधी तो तुकडा काढून टाकीत व उंदीर शिकलेली वाट विसरतो काय हे पाहत. त्यांना असे आढळले, की तुकडा कोठला काढला यापेक्षा किती मोठा काढला यावर विसरणे अवलंबून असते. आठवणीची ठरावीक अशी जागा त्यांना सापडली नाही.

हेब यांनी गुरूचा प्रश्न घेतला, पण गुरूचे उत्तर घेतले नाही. आठवण ही एखाद्या जागी ठेवलेली वस्तू नसून पेशींमधील जोडणी असली तर? एक मज्जापेशी दुसरीला वारंवार चेतवीत राहिली, तर त्या दोघींमधला दुवा बळकट होत जावा, अशी कल्पना त्यांनी मांडली. रानातून लोक रोज त्याच वाटेने जाऊ लागले म्हणजे पायवाट पडते, तसाच हा प्रकार. अशा जोडल्या गेलेल्या पेशींचा समूह म्हणजेच शिकलेली गोष्ट. या विचारांवरचे त्यांचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. लॅश्ली यांना ही उपपत्ती पटली नाही. तरीही हेब यांनी आपण लॅश्लींचे शिष्य आहोत हे कधी नाकारले नाही. गुरूशी मतभेद होऊनही गुरु-शिष्याचे नाते टिकू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मसुदा वाचणारी विद्यार्थिनी

१९४७ साली हेब मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. त्यांचे पुस्तक तेव्हा छापलेले नव्हते. त्यांनी पुस्तकाचा मसुदाच आपल्या चर्चासत्रात विद्यार्थ्यांपुढे ठेवला. एकेका प्रकरणावर चर्चा होई. शंका, आक्षेप, उलट प्रश्न सारे काही चाले. स्वतःचे अपुरे काम विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यावर टीका करा असे म्हणायला प्राध्यापकाजवळ मोठे मन असावे लागते.

या चर्चासत्रात येऊन बसणाऱ्यांत ब्रेंडा मिल्नर नावाची एक तरुण अध्यापिका होती. तिचा जन्म १९१८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. गणित शिकायला म्हणून ती केंब्रिजला गेली, पण तेथे मानसशास्त्राकडे वळली. ऑलिव्हर झँगविल यांच्याकडून तिने एक गोष्ट शिकून घेतली होती. मेंदूला इजा झालेला माणूस काय करू शकत नाही याचा बारकाईने अभ्यास केला, तर निरोगी मेंदू काम कसे करतो हे उमगते. १९४४ साली पती पीटर मिल्नर यांच्याबरोबर ती कॅनडात आली आणि माँट्रिअल विद्यापीठात फ्रेंच भाषेतून शिकवू लागली. हाताशी चांगली नोकरी होती. तरीही १९४९ साली तिने हेब यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी नाव नोंदवले.

हेब यांनी मिल्नरबाईंना काय दिले? त्यांनी एक प्रश्न दिला आणि त्या प्रश्नाजवळ नेऊन सोडले. माँट्रिअलमध्येच डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३४ साली स्थापन केलेली मज्जासंस्थेच्या रोगांवरील मोठी संस्था होती. अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे झटके जेव्हा कोणत्याच औषधाने थांबत नसत, तेव्हा डॉ. पेनफील्ड मेंदूतील बिघडलेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकीत. हेब स्वतः १९३७ ते १९३९ या काळात तेथे काम करून आले होते. मेंदूचा पुढचा बराचसा भाग काढल्यावरही काही रुग्णांचा बुद्ध्यंक मुळीच उतरत नाही, हे कोडे त्यांना तेथेच पडले होते. आता त्याच संस्थेत जाण्याची संधी त्यांनी १९५० साली आपल्या विद्यार्थिनीला मिळवून दिली.

येथे लक्षात घ्या, की शस्त्रवैद्यांच्या त्या संस्थेत मानसशास्त्रज्ञाला ठरलेली अशी जागा नव्हती. मिल्नरबाई रुग्णांजवळ बसत, त्यांना चित्रे दाखवीत, गोष्टी सांगत, थोड्या वेळाने त्या पुन्हा सांगायला लावीत आणि एकेक उत्तर टिपून ठेवीत. कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागाला शंखखंड म्हणतात. या शंखखंडावरील कामासाठी १९५२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे त्यांनी विद्यापीठातील कायमची नोकरी सोडली आणि त्या या संस्थेतच राहिल्या.

विसरणारे रुग्ण

लवकरच दोन रुग्णांनी सर्वांनाच कोड्यात टाकले. त्यांपैकी एक अभियंता होता. नावांच्या आद्याक्षरांवरून हे दोघे शास्त्रीय ग्रंथांत पी. बी. आणि एफ. सी. म्हणून ओळखले जातात. दोघांच्याही मेंदूच्या फक्त डाव्या बाजूचा शंखखंड काढला होता. अशा शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या होत्या व रुग्णांची स्मृती एवढी कधी बिघडली नव्हती. पण या दोघांना नवीन घडलेले काहीच आठवेना. बुद्धी पूर्वीसारखी, बोलणे पूर्वीसारखे, जुन्या आठवणीही बऱ्याचशा शाबूत. मात्र सकाळी काय झाले ते दुपारी ठाऊक नाही.

डॉ. पेनफील्ड व मिल्नरबाई यांनी एक तर्क केला. शंखखंडाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग असतो. तो दोन्ही बाजूंना असतो. या दोन रुग्णांच्या उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच निकामी असला पाहिजे. डावा काढताच त्यांच्याजवळ एकही चांगला उरला नाही! हा केवळ तर्क होता. पुढे पी. बी. यांच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आक्रसलेला आढळला. हा वृत्तान्त १९७४ साली प्रसिद्ध झाला.

१९५५ साली शिकागो येथे भरणाऱ्या मज्जाविशारदांच्या परिषदेसाठी या दोन रुग्णांवरचा निबंध तयार झाला. त्याचा सारांश अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या एका शस्त्रवैद्याच्या वाचनात आला. त्यांचे नाव डॉ. विल्यम स्कोव्हिल. त्यांनी १९५३ साली एका तरुणाचे फेफरे थांबावे म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हाच आतला भाग काढला होता. त्या तरुणाची अवस्थाही अगदी अशीच झाली होती. स्कोव्हिल यांनी पेनफील्ड यांना दूरध्वनी केला. तपासायला कोण जाणार? मिल्नरबाई रात्रीच्या आगगाडीने हार्टफर्डला गेल्या.

तो तरुण एच. एम. या आद्याक्षरांनी पुढे जगप्रसिद्ध झाला. एप्रिल १९५५ मध्ये मिल्नरबाईंनी त्याला तारीख विचारली. त्याने मार्च १९५३ असे सांगितले. आपले वय २७ आहे असे तो म्हणाला. प्रत्यक्षात तो २९ वर्षांचा होता. त्याचा बुद्ध्यंक ११२ भरला, म्हणजे सर्वसामान्य माणसापेक्षा काहीसा जास्तच. पण बोलता बोलता लक्ष दुसरीकडे गेले, की आधीचे सारे पुसले जाई. एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. त्याने आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्यांची एक युक्ती मनाशी घोळवत तो पंधरा मिनिटे टिकवून धरला. पण लगेचच दुसरा विषय निघाला आणि आकडा तर राहोच, आपल्याला असा काही आकडा दिला होता हेही तो विसरला.

स्कोव्हिल व मिल्नर यांचा संयुक्त निबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला. एच. एम. यांच्याबरोबर स्कोव्हिल यांच्या इतर काही रुग्णांच्या चाचण्याही त्यात होत्या. हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी काढला तर नवी आठवण साठवण्याची शक्तीच जाते, हे त्यात स्पष्टपणे मांडले होते. ही शस्त्रक्रिया करू नये, असा इशारा स्वतः स्कोव्हिल यांनी आपल्या व्यवसायबंधूंना दिला. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरेट मिळवलेल्या एका मानसशास्त्रज्ञाने कागद, पेन्सिल आणि प्रश्न एवढ्या साधनांनी केलेल्या तपासण्यांमुळे किती रुग्णांच्या आठवणी वाचल्या असतील, याचा विचार करा.

आणि लॅश्लींच्या जुन्या प्रश्नाचे काय झाले? आठवणी मेंदूच्या बाह्य थरात विखुरलेल्या असतील. पण नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम मात्र एका विशिष्ट भागाकडे आहे, असे आता दिसू लागले. लॅश्लींच्या शिष्याच्या शिष्येने त्यांच्या उत्तरात एवढी मोठी दुरुस्ती केली होती.

आरशातील चांदणी

मिल्नरबाई येथेच थांबल्या नाहीत. एच. एम. काहीच शिकू शकत नाही असे सगळे म्हणत होते. खरेच काहीच नाही? त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. हात व कागद प्रत्यक्ष दिसत नाही, फक्त आरशातले प्रतिबिंब दिसते. सुरुवातीला प्रत्येकाचा हात भलतीकडेच जातो. एच. एम. याने तीन दिवसांत तीस वेळा ही चांदणी गिरवली. प्रत्येक दिवशी चुका कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी तो सराईतासारखा गिरवू लागला. पण आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे त्याला मुळीच आठवत नव्हते! आपल्याला हे एवढे छान कसे जमले याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

याचा अर्थ असा, की स्मृती एकाच प्रकारची नसते. काल काय घडले हे लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी आणि सायकल चालवण्यासारखे कसब शिकणारी स्मृती वेगळी. १९६२ साली मिल्नरबाईंनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

करून पाहा: जाड कागदावर एक मोठी पाचकोनी चांदणी काढा. तिच्या आत साधारण अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवून दुसरी चांदणी काढा. दोन रेषांमधून आता एक गल्ली तयार झाली. कागद टेबलावर ठेवून त्याच्या पलीकडे आरसा उभा करा. मित्राला पुठ्ठा असा आडवा धरायला सांगा, की तुम्हांला हात दिसणार नाही, फक्त आरसा दिसेल. आता गल्लीतून पेन्सिल फिरवा. किती सेकंद लागले व रेषेला किती वेळा स्पर्श झाला ते मित्राने लिहावे. प्रत्येक वेळी नवा कागद घेऊन हे दहा वेळा करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वेळा करा आणि आलेख काढा. नंतर दुसऱ्या हाताने गिरवून पाहा. एका हाताने केलेल्या सरावाचा फायदा दुसऱ्या हाताला मिळतो काय? आलेख पाहून तुम्हीच ठरवा.

नात्याच्या चार पायऱ्या

अनुभवी व नवख्या माणसांतील हे नाते स्वतःच शास्त्राच्या अभ्यासाचा विषय झाले आहे. बोस्टन विद्यापीठातील कॅथी क्रॅम यांनी एका मोठ्या कंपनीतील अशा १८ जोड्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना या नात्याच्या चार पायऱ्या दिसल्या. पहिली ओळखीची. दुसरी जोपासनेची, या काळात देणे-घेणे सर्वांत जास्त असते. तिसरी दुरावण्याची, शिष्य स्वतःच्या पायांवर उभा राहू लागतो. हा काळ दोघांनाही काहीसा जड जातो. चौथी नव्या नात्याची. दोघे बरोबरीचे मित्र होतात.

मार्गदर्शक दोन प्रकारचे साह्य करतो असेही त्यांना आढळले. एक व्यवसायाचे: संधी देणे, ओळख करून देणे, अवघड काम सोपवणे, टीकेपासून बचाव करणे. दुसरे मनाचे: धीर देणे, ऐकून घेणे, स्वतःच्या वागण्यातून उदाहरण घालून देणे. यापैकी एकच असले तर नाते अपुरे राहते. नुसता धीर देणाऱ्या गुरूजवळ बरे वाटते, पण वाट सापडत नाही. नुसती कामे सोपवणाऱ्याजवळ वाट सापडते, पण चालण्याचे बळ राहत नाही.

असे मार्गदर्शक सर्वांनाच लाभतात असे नाही. अमेरिकेत रुग्णांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्यांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. शिक्षणाच्या काळात आपल्याला खरा मार्गदर्शक मिळाला, असे त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी सांगितले. म्हणजे बाकीच्यांना पदवी मिळाली, पण गुरू मिळाला नाही.

नाव कोणाचे?

या नात्यात एक नाजूक जागा आहे. कल्पना गुरूची, मेहनत शिष्याची. मग निबंधावर नाव कोणाचे? गुरूच्या हाती सत्ता असते. शिफारसपत्र तोच देणार, नोकरीही त्याच्या शब्दावर मिळणार. अशा वेळी शिष्याचे श्रेय गुरूच्या नावाखाली झाकले जाण्याचा धोका असतो.

हेब यांच्या प्रयोगशाळेतील निबंध या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. डोळ्यांना काही दिसू नये, कानांना काही ऐकू येऊ नये अशा स्थितीत माणसाला दिवसचे दिवस ठेवले तर त्याच्या मनाचे काय होते, हा गाजलेला प्रयोग हेब यांच्या कल्पनेतून निघाला. १९५४ सालच्या त्या निबंधावर बेक्स्टन, हेरॉन व स्कॉट या तिघांचीच नावे आहेत.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण आणखी रंजक आहे. मिल्नरबाईंचे पती पीटर हे विद्युत अभियंता होते. पत्नीचे काम पाहून त्यांनाही गोडी लागली आणि तेही हेब यांचे विद्यार्थी झाले. १९५३ साली जेम्स ओल्ड्स नावाचे तरुण मानसशास्त्रज्ञ तेथे आले. त्यांना मेंदूवरील शस्त्रक्रियेचा काहीच अनुभव नव्हता. उंदराच्या मेंदूत बारीक तार कशी बसवायची हे पीटर यांनी त्यांना शिकवले. ओल्ड्स यांची एक तार ठरलेल्या जागेपासून चुकून दुसरीकडेच गेली. त्या उंदराला ज्या कोपऱ्यात विजेचा हलका झटका मिळे, त्या कोपऱ्याकडे तो पुन्हा पुन्हा जाऊ लागला! तरफ दाबून झटका स्वतःच घेण्याची सोय केली, तेव्हा उंदीर तरफ दाबतच राहिले. मेंदूत सुखाशी जोडलेली केंद्रे असतात, हा शोध असा लागला. त्या निबंधावर ओल्ड्स व मिल्नर ही दोनच नावे आहेत. हेब यांचे नाही. मार्गदर्शक दरवेळी पिकल्या केसांचा प्राध्यापकच असतो असेही नाही. दोन पावले पुढे असलेला सहाध्यायी हाही चांगला गुरू होऊ शकतो.

साखळी पुढे चालली

मिल्नरबाईंच्या हाताखाली सुझान कॉर्किन यांनी १९६४ साली डॉक्टरेट मिळवली. १९६२ साली एच. एम. माँट्रिअलला आला असताना त्यांनी प्रथम त्याच्या चाचण्या घेतल्या. पुढे त्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत गेल्या आणि एच. एम. यांचा अभ्यास गुरूने शिष्येच्या हाती सोपवला. कॉर्किन यांनी तो चार दशकांहून अधिक काळ चालवला. एवढ्या वर्षांत या बाई कोण हे एच. एम. यांना नीटसे कधी कळले नाही.

शिष्येकडे केवळ चाचण्यांची पद्धत गेली नाही. एक जबाबदारीही गेली. हा माणूस आपण कशाला होकार दिला हेही विसरत होता. त्याचे नाव जगापुढे येऊ न देणे हे त्याच्या अभ्यासकांचे कर्तव्य होते. २ डिसेंबर २००८ रोजी तो वारला, तेव्हा हेन्री मोलेसन हे त्याचे पूर्ण नाव प्रसिद्ध झाले. ज्याला संमती दिल्याचेही स्मरत नाही त्याच्यावर संशोधन करताना मर्यादा कोणत्या पाळाव्यात, यावर पुढे चर्चा झाली आणि ती योग्यच होती. रुग्ण हा आधी माणूस आहे, हे नवशिक्या संशोधकाच्या मनावर बिंबवणे हा मार्गदर्शनाचाच भाग आहे.

साखळीची दुसरी शाखाही पाहू. रोनाल्ड मेल्झॅक हे हेब यांचे शिष्य. वेदना मेंदूपर्यंत पोहोचताना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक उघडते व मिटते, ही कल्पना त्यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ साली मांडली. मेल्झॅक यांचे शिष्य जॉन ओ'कीफ यांनी १९६७ साली मॅकगिलची डॉक्टरेट घेतली व ते लंडनला गेले. १९७१ साली त्यांनी आपले विद्यार्थी दोस्त्रोव्हस्की यांच्यासह उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी शोधल्या, की उंदीर विशिष्ट जागी आला म्हणजेच त्या चेततात. जणू मेंदूतील नकाशाच! नॉर्वेचे मे-ब्रिट व एडवर्ड मोझर हे तरुण मानसशास्त्रज्ञ १९९० च्या दशकात ओ'कीफ यांच्याकडे ही पद्धत शिकून आले. २००५ साली त्यांनी शेजारच्याच भागात जाळीसारखी आखणी करणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुरू ओ'कीफ व हे दांपत्य यांना विभागून मिळाले. त्याच वर्षीचे कावली पारितोषिक ब्रेंडा मिल्नर यांना ओ'कीफ व मार्कस राइक्ल यांच्यासह देण्यात आले.

आणि हेब यांच्या पायवाटेच्या कल्पनेचे काय? १९७३ साली टिमोथी ब्लिस व तेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मज्जातंतूंना वेगाने चेतना दिली, तर पुढील पेशींशी असलेला त्यांचा दुवा बळकट होतो आणि तसाच तासन्‌तास राहतो, असे त्यांनी दाखवले. ओस्लो येथील पेर अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले. त्यातील पहिली निरीक्षणे लोमो यांनी विद्यार्थिदशेतच केली होती. हेब तेव्हा हयात होते. १९८५ साली ते वारले.

या साखळीत कोणीही आपल्या शिष्याच्या हाती तयार उत्तर दिले नाही. लॅश्लींनी हेब यांना प्रश्न दिला. हेब यांनी मिल्नरबाईंना प्रश्नाबरोबर रुग्णांच्या खाटेजवळ बसण्याची जागा मिळवून दिली. मिल्नरबाईंनी कॉर्किन यांना तोच रुग्ण आणि त्याच्यासंबंधीची जबाबदारी दिली. आणि प्रत्येकाने आधीच्याचे म्हणणे तपासून पाहिले. जेथे चूक दिसली तेथे तसे सांगितले.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एखादा विद्यार्थी असा प्रश्न विचारतो, की त्याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नसते. अशा वेळी चांदणीचा कागद आणि आरसा त्याच्यापुढे ठेवता येतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचा आलेख गुरुजींच्या अंदाजाप्रमाणे आला नाही तर तो खोडून टाकू नका. पुन्हा दहा वेळा चांदणी गिरवा, आकडे नीट मांडा आणि तो आलेख गुरुजींना नेऊन दाखवा.